किमान वेतन : राज्याराज्यांतील तफावत आणि निर्वाहाचा खर्च

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा पाठ आहे.)



आजचा विषय वेतनाचा आहे, आणि वेतनाचा विषय निघाला की आकडे येणारच. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि माहिती खात्यातील नोकर. आकड्यांनी सभागृह कसे पेंगुळते हे मला व्यवसायामुळे चांगले ठाऊक आहे. तरीही आज मी आकडे सांगणार आहे, कारण या विषयातील प्रत्येक आकड्यामागे एखादी चूल आहे. ती दोन वेळा पेटते की एकदाच, हे त्या आकड्यावर ठरते.

आपल्या राज्याच्या सीमेवरून मजूर सतत ये-जा करीत असतात. नंदुरबार, धुळ्याकडील आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात. गडचिरोली, चंद्रपूरच्या बायका मिरची तोडाईसाठी तेलंगणात जातात. सावंतवाडी, दोडामार्गचे तरुण रोज गोव्यात कामाला जातात. उलट उत्तर प्रदेश, बिहार आणि मध्य प्रदेशातून हजारो माणसे आपल्याकडे बांधकामावर व कारखान्यांत येतात. निघण्यापूर्वी यांतील प्रत्येक जण एक प्रश्न विचारतो : तिकडे मजुरी किती? दुसरा प्रश्न तितक्याच महत्त्वाचा असूनही क्वचित विचारला जातो : तिकडे जगायला खर्च किती?

या दोन प्रश्नांना जोडून एक ठरावीक उत्तर दिले जाते. जेथे महागाई अधिक तेथे मजुरी अधिक, जेथे स्वस्ताई तेथे मजुरी कमी. शेवटी हिशेब सारखाच, असे ते उत्तर. ते ऐकायला समंजस वाटते. ते कितपत खरे आहे, हे आज आपण तपासून पाहू.

किमान म्हणजे किती?

संविधानाच्या अनुच्छेद ४३ ने कामगाराला निर्वाह वेतन मिळावे असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. त्याआधीच, १९४८ साली, किमान वेतन अधिनियम संमत झाला होता. न्याय्य वेतन समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : किमान, न्याय्य आणि निर्वाह. यांतील किमान ही सर्वांत खालची पायरी. तिच्याखाली जागा नाही.

ही पायरी मोजायची कशी, हे जुलै १९५७ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ठरविले. कमावणारा, त्याची पत्नी आणि दोन मुले मिळून तीन उपभोग घटक धरावेत. प्रत्येक घटकाला दररोज २,७०० उष्मांकांचे अन्न मिळावे. चौघांना वर्षाला ७२ वार कापड लागेल. औद्योगिक गृहनिर्माण योजनेतील लहानात लहान जागेचे भाडे धरावे. इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के रक्कम ठेवावी. पुढे १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट या कंपनीच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ व करमणूक, म्हातारपणाची तरतूद आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत असे सांगितले.

या यादीत चैन कोठेही नाही. म्हातारे आईवडीलही तीन घटकांच्या गणतीत बसत नाहीत, जरी आपल्याकडे बहुतेक घरांत ते असतात. मग ही पायरी देशभर सारखी का नाही? कायद्याने दर ठरविण्याचा अधिकार 'समुचित शासना'ला दिला. रेल्वे, खाणी, बंदरे यांसाठी केंद्र शासन आणि बाकीच्यांसाठी राज्य शासन. राज्याने रोजगारांची अनुसूची करावी, प्रत्येक रोजगारात अकुशल, अर्धकुशल व कुशल असे दर ठरवावेत, प्रदेशाप्रमाणे परिमंडळे पाडावीत आणि निदान पाच वर्षांतून एकदा फेरविचार करावा, अशी ही रचना होती. आपल्या राज्यातही बहुतेक रोजगारांत महानगर, नगर आणि उरलेला ग्रामीण भाग यांना वेगवेगळी परिमंडळे दिली गेली. मूळ वेतनावर वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, विशेष भत्ता काढण्याची पद्धत पडली. म्हणजे तफावत ही योजनेतच होती. जागेप्रमाणे खर्च बदलतो, त्याप्रमाणे दर बदलावा, एवढाच तिचा हेतू होता. हेतू किती पार पडला, ते आता पाहू.

सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

प्रथम दिल्लीकडे पाहू, कारण तेथे सीमा म्हणजे केवळ एक रस्ता आहे. ऑक्टोबर २०२४ पासून दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतन दरमहा १८,०६६ रुपये होते. त्याच सुमारास नोएडा ज्या उत्तर प्रदेशात आहे तेथे आणि गुरुग्राम ज्या हरियाणात आहे तेथे हे वेतन साडेदहा ते अकरा हजारांच्या घरात होते. तिन्ही ठिकाणचा भाजीपाला एकाच घाऊक बाजारातून येतो. एकाच वस्तीत राहणारे दोन शेजारी सकाळी दोन दिशांना कामाला जातात आणि महिन्याच्या अखेरीस त्यांच्या हाती सात हजारांच्या फरकाने पैसे पडतात. हा फरक महागाईचा म्हणता येणार नाही. तो अधिसूचनेचा आहे.

असेच आपल्या मुंबईतही घडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या अखत्यारीतील बांधकाम, साफसफाई व मालाची चढउतार या कामांवर 'अ' वर्ग क्षेत्रात अकुशल मजुराचा दर रोज ७८३ रुपये, म्हणजे महिना २०,३५८ रुपये ठरला. मुंबई 'अ' वर्गातच येते. राज्याच्या अखत्यारीतील बहुतेक रोजगारांचे दर याहून बरेच खाली होते. रेल्वेच्या आवारात झाडू मारणारा आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात झाडू मारणारा, दोघेही एकाच भावाने तांदूळ घेतात.

आता ग्रामीण भागाकडे वळू. येथे कायद्यातील दरापेक्षा प्रत्यक्ष हाती पडणारी मजुरी पाहणे अधिक उपयोगाचे. रिझर्व्ह बँकेच्या राज्यविषयक आकडेवारीप्रमाणे २०२२-२३ मध्ये पुरुष शेतमजुराची सरासरी रोजची मजुरी देशभरात सुमारे ३४६ रुपये होती. केरळात ती ७६४ रुपये, गुजरातेत २४२ रुपये आणि मध्य प्रदेशात २२९ रुपये होती. केरळचा मजूर मध्य प्रदेशातील मजुराच्या सव्वातीनपटींहून अधिक मिळवीत होता. हे आकडे पुरुषांचे आहेत. किमान वेतनाचा कायदा स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही, आणि समान मोबदल्याचा कायदा १९७६ पासूनचा. तरी मजुरीचे तक्ते आजही दोघांचे वेगळे मांडावे लागतात, यावर निराळे भाष्य नको.

महागाईने उलगडा होतो काय?

केरळात मजुरी तिप्पट आहे, तर केरळातील जगणेही तिप्पट महाग आहे काय?

हे तपासण्याला एक साधन उपलब्ध आहे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने नियोजन आयोगाने २०११-१२ सालासाठी प्रत्येक राज्याची दारिद्र्यरेषा काढली होती. ती रेषा फार खाली आखली गेली, अशी टीका झाली आणि ती गैर नव्हती. पण आपल्याला येथे रेषेची उंची नको. राज्याराज्यांतील प्रमाण हवे आहे. जवळपास सारखाच निर्वाह वेगवेगळ्या राज्यांच्या भावांत मांडला तर किती रुपये होतात, हे त्या रेषा सांगतात. ग्रामीण भागात माणशी दरमहा मध्य प्रदेशात ७७१ रुपये, गुजरातेत ९३२, महाराष्ट्रात ९६७, केरळात १,०१८ आणि गोव्यात १,०९० रुपये असे ते आकडे होते.

म्हणजे मध्य प्रदेशाच्या तुलनेत ग्रामीण केरळ सुमारे ३२ टक्के महाग. मजुरी मात्र २३० टक्क्यांहून अधिक जास्त. गुजरातच्या तुलनेत केरळ अवघे ९ टक्के महाग. मजुरी तिपटीहून जास्त. उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. गुजरातेतील जगणे मध्य प्रदेशाहून २१ टक्के महाग, पण तेथील शेतमजुरी जेमतेम ५-६ टक्क्यांनी अधिक. दोन तक्त्यांत काही वर्षांचे अंतर आहे हे खरे. परंतु दहा वर्षांत दोन राज्यांच्या भावांचे प्रमाण असे तिप्पट बदलत नसते.

याला जोड म्हणून शासनाने स्वतः ठरविलेले दर पाहा. ग्रामीण रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याखाली २०२४-२५ या वर्षासाठी जाहीर झालेले रोजचे दर गोव्यात ३५६ रुपये, कर्नाटकात ३४९, तेलंगणात ३००, महाराष्ट्रात २९७, गुजरातेत २८० आणि मध्य प्रदेश व छत्तीसगडात प्रत्येकी २४३ रुपये होते. आपण आणि आपली सहा शेजारी राज्ये मिळून सर्वांत वरचा व सर्वांत खालचा दर यांतील अंतर दीडपटीच्या आत आहे. महागाईतील फरकाशी ते साधारण जुळते. याचा अर्थ एवढाच की, महागाईमुळे जेवढी तफावत पडायला हवी ती दीडपटीच्या आतबाहेर असते. तिच्यापलीकडची तफावत महागाईने पडत नाही. ती माणसांच्या निर्णयांनी पडते, आणि म्हणूनच ती निर्णयांनी कमीही होऊ शकते. आजच्या भाषणाचा गाभा हाच आहे.

निर्देशांक काय सांगतो

येथे एका गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. वृत्तपत्रांत ग्राहक किंमत निर्देशांकाचे आकडे येतात. समजा, एका शहराचा निर्देशांक १५० आला आणि मुंबईचा १४० आला. तर ते शहर मुंबईहून महाग झाले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. निर्देशांक एका ठिकाणची आजची किंमत त्याच ठिकाणच्या पायाभूत वर्षाच्या किमतीशी ताडून पाहतो. तो वेळेचा फरक मोजतो, जागेचा नव्हे. गावातला मुलगा वर्षात चार बोटे वाढला आणि शहरातला तीन, म्हणून गावातला मुलगा उंच ठरत नाही.

निर्देशांकाचे काम वेगळे आहे आणि मोलाचे आहे. एकदा ठरलेले वेतन भाववाढीत झिजू नये, म्हणून महागाई भत्ता त्याच्याशी बांधला जातो. या कामात मुंबई इलाखा देशात अग्रेसर होता. १९२१ मध्ये मुंबईत श्रम कार्यालय स्थापन झाले, फिंडले शिराज यांच्या देखरेखीखाली गिरणगावातील कुटुंबांच्या खर्चाची पाहणी झाली आणि जुलै १९१४ हा पाया धरून निर्वाहखर्चाचा निर्देशांक निघू लागला. तो किती काळजीने काढावा लागतो याचा धडाही मुंबईनेच दिला. १९६३ मध्ये निर्देशांक खरी महागाई दाखवीत नाही म्हणून कामगारांत असंतोष उसळला, तेव्हा प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि निर्देशांकात दुरुस्ती करावी लागली. कागदावरील एका आकड्याने लाखो कामगारांचा भत्ता अडकून पडला होता.

जेथे किमान वेतन निर्देशांकाशी बांधलेले नाही, तेथे काय होते ते सोप्या हिशेबाने पाहू. भाव वर्षाला ६ टक्क्यांनी चढतात असे धरले, तर आज ठरविलेल्या १०० रुपयांची खरेदीशक्ती पाचव्या वर्षाअखेर सुमारे ७५ रुपयांची उरते. कोणीही दर कमी केलेला नसतो, कोणाची सहीही लागत नाही. तरी मजुराच्या ताटातील चौथा हिस्सा नाहीसा होतो. पाच वर्षांची मुदत उलटूनही दर तसाच राहिला, तर झीज आणखी वाढते. राज्याराज्यांतील तफावतीचा मोठा भाग असा नुसत्या स्वस्थ बसण्यातून निर्माण झाला आहे.

घरभाडे : हिशेबातील कच्चा दुवा

जागेप्रमाणे खरोखर बदलणारा खर्च कोणता? धान्याचे भाव राज्याराज्यांत थोडेफार बदलतात. शिधापत्रिकेवरील धान्य तर बहुतेक सर्वत्र सारखेच. कापड, औषधे, साबण यांच्या किमती कारखान्यातच छापून येतात. बदलते ते घरभाडे, आणि त्याच्या जोडीला प्रवास, शिक्षण व दवाखाना.

आता हिशेब पाहा. वेतन संहितेच्या केंद्रीय नियमांचा जो मसुदा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जुनेच निकष ठेवून घरभाडे मात्र अन्न व कापड यांच्या खर्चाच्या १० टक्के धरले होते. इंधन व किरकोळ खर्चाला वेतनाचे २० टक्के आणि शिक्षण, आरोग्य इत्यादींना २५ टक्के गेले की ५५ टक्के उरतात. त्यांतच अन्न, कापड आणि भाडे बसवायचे. गणित सोडविले तर वेतन अन्नवस्त्राच्या खर्चाच्या बरोबर दुप्पट येते आणि भाड्याच्या वाट्याला एकूण वेतनाचे केवळ ५ टक्के येतात. वीस हजारांच्या वेतनात भाडे हजार रुपये! हजार रुपयांत ठाण्याला किंवा भिवंडीला खोली सोडा, खाटेपुरती जागा तरी मिळते काय, याचे उत्तर आपण द्यावे. श्रम ब्युरोच्या २०१६ पाया वर्षाच्या मालिकेतही औद्योगिक कामगाराच्या खर्चात घराचा वाटा सुमारे १७ टक्के धरला आहे. त्या ५ आणि १७ मधील अंतर कामगार पोटातून काढतो, किंवा एका खोलीत दहा जण राहून काढतो.

डॉ. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने जानेवारी २०१९ च्या अहवालात ही अडचण ओळखली होती. कुटुंबाचे ३.६ उपभोग घटक धरून आणि उष्मांकांबरोबर प्रथिने व स्निग्धांशही मोजून जुलै २०१८ च्या भावांत रोज ३७५ रुपये हे राष्ट्रीय किमान वेतन तिने सुचविले. शहरांसाठी घरभाड्यापोटी रोज ५५ रुपये वेगळे द्यावेत असे म्हटले. देशाचे पाच विभाग करावयाचे झाल्यास ३४२ ते ४४७ रुपये असा पर्यायही दिला. लक्षात घ्या, तज्ज्ञांनी खर्चाचा काटेकोर हिशेब करून विभागाविभागांत जी तफावत काढली, ती सुमारे ३० टक्क्यांची आहे, तिपटीची नाही.

तफावतीची खरी कारणे

मग बाकीचे अंतर कशाने पडते? केरळचे उदाहरण बोलके आहे. तेथे जमीन सुधारणा झाल्या, शेतमजूर संघटित झाले, १९७४ मध्ये शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला, कल्याण मंडळे निघाली, साक्षरता पसरली आणि आखाती देशांत गेलेल्यांमुळे मजुरांची वाण पडली. शिकलेला मजूर दर विचारतो आणि न पटल्यास दुसरीकडे जातो. 'नाही' म्हणण्याची ही शक्ती हेच मजुरीचे खरे बळ.

आपल्या राज्यालाही हा अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी योजना ही वि. स. पागे यांच्या चिंतनाचे फळ. गावातच काम मिळण्याची खात्री असली की मजूर मिळेल त्या दराला मान तुकवीत नाही. ही खात्री नसते तेथे काय होते, हे ऊसतोडीत दिसते. मुकादमाकडून उचल घेतली की दराची भाषा संपते. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मजुरी टनावर मोजली जाते आणि बाईच्या श्रमाचा निराळा हिशेब कोठेच राहत नाही. शिवाय अशा कुटुंबाला दोन ठिकाणी जगावे लागते. गावी म्हातारी माणसे व घर, फडावर कोप आणि पोरे. त्याचा निर्वाहखर्च कोणत्या केंद्राच्या निर्देशांकात धरायचा?

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. निर्वाहाचा खर्च हा केवळ बाजारावर अवलंबून नसतो. गावातील शाळा चांगली चालली, तर शिकवणीचा खर्च वाचतो. आरोग्य केंद्रात औषध मिळाले, तर सावकाराचे दार टळते. शिधापत्रिका परमुलखात चालली, तर दरमहा काही शे रुपये हाती राहतात. 'एक देश, एक शिधापत्रिका' ही व्यवस्था जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली, पण पत्रिका गावी ठेवून येणाऱ्या मजुराला तिचा उपयोग कसा घ्यावा हे सांगावे लागते. वेतनाचा दर मंत्रालयात ठरतो हे खरे. त्या वेतनाची किंमत मात्र बऱ्याच अंशी गावात ठरते. आणि दर कितीही चांगला असला तरी कामाचे दिवस थोडे असतील, तर घरात वर्षभर पुरत नाही. दर आणि दिवस यांचा गुणाकार म्हणजे उत्पन्न.

लहान शेतकऱ्याचे काय?

आपणांपैकी अनेक जण शेतकरी आहेत आणि मनात एक प्रश्न उभा राहिला असेल. कापसाला भाव नाही, सोयाबीन पावसाने गेले; वेचणीला आणि काढणीला मजुरी वाढवून द्यायची कोठून? हा प्रश्न खोटा नाही. दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी कित्येकदा स्वतःही किमान वेतनाइतके मिळवीत नाही.

न्यायालयांनी या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या बाजूने दिले आहे. १९५८ मध्ये क्राउन अॅल्युमिनियम प्रकरणात आणि पुढे उन्निचोयी विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतन देण्याची ऐपत नाही ही सबब चालणार नाही. व्यवहाराच्या बाजूने उत्तर असे की, शेतकऱ्याचा तोटा आणि मजुराची भूक यांची एकमेकांवर वजावट करता येत नाही. शेतमालाचा भाव, पाणी, पीकविमा आणि वेळेवर कर्ज हे शेतकऱ्याचे प्रश्न त्यांच्या त्यांच्या ठिकाणी सुटले पाहिजेत. शिवाय मजुराच्या हाती आलेला पैसा दूरदेशी जात नाही; तो आठवडे बाजारात शेतकऱ्याच्याच भाजीवर, ज्वारीवर आणि दुधावर खर्च होतो.

उद्योगांच्या बाबतीत राज्यांना निराळी भीती वाटते. आपण दर वाढविला तर कारखाना शेजारच्या राज्यात जाईल, असे प्रत्येक राज्याला वाटते. आणि शेजाऱ्यालाही तसेच वाटते. या भीतीवर एकट्या राज्याचा उपाय चालत नाही.

तळ कोठे असावा

म्हणून राष्ट्रीय तळाची कल्पना पुढे आली. १९९१ च्या राष्ट्रीय ग्रामीण श्रमिक आयोगाच्या शिफारशीनंतर १९९६ मध्ये रोज ३५ रुपये हे राष्ट्रीय तळवेतन केंद्राने जाहीर केले. ते टप्प्याटप्प्याने वाढत २००९ मध्ये १०० आणि जून २०१७ मध्ये १७६ रुपये झाले. पण त्यामागे कायद्याचे बळ नव्हते. राज्यांना ती केवळ सूचना होती.

वेतन संहिता, २०१९ ने हे बदलले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्याखाली केंद्राने तळवेतन ठरवावयाचे आहे. भौगोलिक क्षेत्रांप्रमाणे ते वेगवेगळे असू शकते. कोणत्याही राज्याला त्याखाली दर ठरविता येणार नाही, आणि ज्याचा दर आधीच वर आहे त्याला तो खाली आणता येणार नाही. अनुसूचीतील रोजगारांपुरती असलेली मर्यादाही गेली. किमान वेतनाचा हक्क सर्व रोजगारांना मिळाला. जुन्या कायद्याखालील दर संहितेशी विसंगत नसतील तेथवर चालू राहतात, त्यामुळे 'आता जुना कायदा गेला, दरही गेले' असे कोणी सांगितल्यास ते खरे मानू नये.

एवढे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे की, तळ हा छप्पर नव्हे. तळ फार खाली घातला, तर त्यावर उभे राहूनही माणूस पाण्यात राहतो. त्याची उंची अन्न, कापड आणि खऱ्या घरभाड्याच्या हिशेबाने ठरली, तरच त्याचा उपयोग.

आपल्या हाती काय आहे

आपण येथे जमलेले कोणीही वेतनाची अधिसूचना काढणारे नाही. पण अधिसूचना आणि मजुराचा हात यांच्यामध्ये जे अंतर असते, ते आपल्याच कार्यक्षेत्रात येते.

पंचायत सदस्यांना माझी पहिली विनंती घरापासूनची आहे. ग्रामपंचायत हाही आपल्या राज्याने किमान वेतनासाठी अनुसूचित केलेला रोजगार आहे. पाणी सोडणारा, दिवाबत्ती पाहणारा, गटारे साफ करणारा आणि शिपाई यांना ठरलेला दर मिळतो काय, हे आधी पाहावे. जी संस्था स्वतः कमी देते तिला ठेकेदाराला जाब विचारता येत नाही. त्यानंतर परिमंडळाचा चालू दर फलकावर लावावा, आणि विशेष भत्ता बदलला की जानेवारीत व जुलैत तो पुसून नवा लिहावा. ग्रामसभेत तो वाचून दाखवावा, कारण ज्याला वाचता येत नाही त्यालाच तो अधिक हवा असतो.

शिक्षकांना विनंती अशी की, सातवी-आठवीच्या अंकगणितात हा हिशेब घ्यावा. आपल्या घरात महिन्याला धान्य किती, तेल किती, भाडे किती, औषध किती, आणि मजुरीचे दिवस किती, हे मुलांनी मांडावे. टक्केवारी शिकण्यास याहून चांगले उदाहरण नाही, आणि ती मुले पुढे परमुलखात गेली तर दोन्ही प्रश्न विचारतील : मजुरी किती आणि खर्च किती.

अधिकारी बंधूंना कायद्याची आठवण देण्याची गरज नाही, तरी चार गोष्टी मजुरांपर्यंत पोहोचवाव्यात. मजुराने कमी दराला संमती दिली तरी ती कायद्याने निरर्थक आहे. तासांवरील कामाला दुप्पट दर आहे. वेतनचिठ्ठी मिळणे हा हक्क आहे. आणि कमी दिलेल्या वेतनाबद्दल तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. भरपाई मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते. बाहेर जाणाऱ्या मजुरांना गाव सोडण्यापूर्वी त्या राज्याचा दर लिहून दिला, तर तो कागद त्यांच्या फार उपयोगी पडेल.

१९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेले काम म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारी होय. पुढच्याच वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांच्या बाबतीत तोच न्याय शासनालाही लावला गेला. दुष्काळ आहे म्हणून कमी द्यावे, हे न्यायालयाला मान्य झाले नाही.

तेव्हा 'तिकडे स्वस्ताई आहे, म्हणून तिकडे मजुरी कमी' हे वाक्य यापुढे कोणी उच्चारले, तर त्याला विचारावे : स्वस्ताई किती टक्के, आणि मजुरी किती टक्के कमी? पहिला आकडा तीस आणि दुसरा सत्तर असला, तर मधले चाळीस कोणाच्या ताटातून गेले, हे शोधण्याचे काम आपले आहे.